कोर्टाचे जुने कागद कसे शोधावेत व नक्कल कशी मिळवावी

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्या समाजात लहान मुलालाही पाठ आहे. त्या दिवशी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्या मागोमाग हजारो लोकांनी ओंजळीत घेतले. परंतु १७ मार्च १९३७ ही तारीख विचारली तर आपल्यापैकी बहुतेकांना थांबावे लागते. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफिल्ड व न्या. वाडिया यांनी स्पृश्यांचे अपील फेटाळले आणि तळ्याचा कज्जा कायमचा मिटला. सत्याग्रह एका दिवसाचा आणि कज्जा जवळजवळ दहा वर्षांचा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो उठला. ८ जून १९३१ रोजी दावा निकाली निघाला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्यास अपील फेटाळले गेले. त्यानंतर उच्च न्यायालय.

वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांनी तळ्यास शिवायचे नाही हा अनादी काळचा रिवाज आहे. रिवाज आहे असे नुसते म्हणून कोर्टात भागत नाही, तो पुराव्याने शाबीत करावा लागतो. आणि तो त्यांना करता आला नाही. कोणी काय सांगितले, तळे कोणाच्या मालकीचे ठरले, हे सर्व कागदावर आले म्हणूनच आज आपण ते ठामपणे सांगू शकतो.

आता विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाड आज रायगड जिल्ह्यात आहे व जिल्हा न्यायालय अलिबागला आहे. म्हणून कोणी १९३३ च्या अपिलाचा कागद अलिबागला शोधू लागला, तर त्याची पायपीट फुकट जाईल. त्या काळी कुलाबा जिल्ह्याची अपिले ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात चालत. कागद शोधायचा तर तो ज्या काळात तयार झाला त्या काळचे कोर्ट आधी शोधावे लागते. जालना व सिंधुदुर्ग हे जिल्हे १९८१ मध्ये झाले, लातूर व गडचिरोली १९८२ मध्ये, वाशीम १९९८ मध्ये आणि पालघर २०१४ मध्ये. त्याआधीचे दप्तर मूळ जिल्ह्याच्या ठिकाणी पडलेले असण्याचा संभव असतो. मराठवाड्यातील निजामकाळचे कागद तर उर्दूत आहेत. तेथे वाचणारा माणूस बरोबर न्यावा लागतो.

हा लेख लिहिण्यास एक निमित्त घडले. आमच्या वस्तीतील एक विधवा भगिनी काही वर्षांपूर्वी संस्थेच्या कार्यालयात आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी १९७० च्या दशकात घराशेजारच्या मोकळ्या जागेबाबत दावा लावून तो जिंकला होता. आता शेजाऱ्याने त्याच जागेत भिंत घातली होती. भगिनींजवळ निकालाचा एकही कागद नव्हता. वकील साहेब वारले होते, त्यांचे दप्तर मुलांनी रद्दीत घातले होते. सासरे सांगत असत, “कोर्टाने आपल्याला जागा दिली आहे.” एवढ्यावर गावात कोणी ऐकेना, आणि पोलीस ठाण्यातही कागद दाखवा असेच म्हणाले. त्यांचे तरी काय चुकले?

आम्ही तालुक्याच्या कोर्टात गेलो. तेथील कारकुनाने पहिलाच प्रश्न केला, “नंबर काय?” आमच्याजवळ नंबर नव्हता. घरी जाऊन ट्रंक उपसली तेव्हा बेलिफाने दिलेली एक जुनी नोटीस सापडली. तिच्यावर नंबर व साल होते. तो नंबर घालून अर्ज दिला, तर असा दावाच नाही असे उत्तर आले. अशा तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेस एका जुन्या कर्मचाऱ्याने नोटीस हातात घेऊन सांगितले की, हा नंबर दाव्याचा नसून दरखास्तीचा आहे. म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून मागण्यासाठी जो वेगळा अर्ज करतात त्याचा. दरखास्तीच्या नोंदवहीत मूळ दाव्याचा नंबर लिहिलेला असतो. तो तेथे मिळाला. आमच्या तीन खेपा अज्ञानामुळे वाया गेल्या, हे येथे मोकळेपणाने सांगतो.

तेव्हा पहिला धडा नंबराचा. कोर्टात प्रत्येक प्रकरणाला प्रकार, क्रमांक आणि साल अशी तीन अंगे असतात. नियमित दिवाणी दावा, विशेष दिवाणी दावा, दिवाणी अपील, दरखास्त, किरकोळ अर्ज, फौजदारी खटला, सत्र खटला हे सर्व वेगवेगळे प्रकार आहेत व प्रत्येकाची नोंद वेगळी होते. जुन्या कागदावर ‘रे. मु. नं.’ असे दिसले तर तो नियमित दिवाणी दावा समजावा. क्रमांक बरोबर आणि प्रकार चुकीचा असेल तर भलत्याच माणसाचे प्रकरण निघते किंवा काहीच निघत नाही. नंबर ठाऊक नसेल तर पक्षकारांची नावे व अंदाजे साल यांवरून नोंदवह्या पाहण्यासाठी शोधाचा अर्ज करता येतो. वेळ लागतो, पण काम होते. घरातील जुने समन्स, वकीलपत्राची प्रत, कोर्टात पैसे भरल्याची पावती, फेरफाराच्या उताऱ्यावरील कोर्टाच्या हुकमाचा उल्लेख, यांपैकी काहीही कामास येते.

अलीकडच्या प्रकरणांसाठी हे काम सोपे झाले आहे. ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर व मोबाईलवरील ॲपवर तालुका व जिल्हा न्यायालयांतील प्रकरणे पक्षकाराच्या नावावरून, प्रकरण क्रमांकावरून, वकिलाच्या नावावरून किंवा पोलीस ठाण्याच्या गुन्हा क्रमांकावरून शोधता येतात. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा वहीत लिहून ठेवला की पुढची तारीख व झालेले हुकूम घरबसल्या पाहता येतात. नावावरून शोधताना इंग्रजी स्पेलिंगचा घोटाळा फार होतो. कांबळे हेच आडनाव कोठे मध्ये ‘ए’ घालून तर कोठे न घालता लिहिलेले असते. म्हणून पूर्ण नाव न घालता पहिली तीन-चार अक्षरे घालावीत. संगणक येण्यापूर्वीची प्रकरणे मात्र तेथे मिळतीलच असे नाही. शिवाय संकेतस्थळावरून छापून घेतलेला कागद माहितीपुरता आहे, त्याला सही-शिक्क्याच्या नकलेची किंमत नाही.

आता नक्कल मागण्याचा हक्क. न्यायालयाचे निकाल व हुकूम हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत. जो दस्तऐवज पाहण्याचा एखाद्यास हक्क आहे, त्याची प्रमाणित प्रत फी घेऊन त्यास दिली पाहिजे, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ७६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला असून त्यात हेच तत्त्व कलम ७५ मध्ये आहे. पक्षकार असेल तर प्रश्न येत नाही. मयत पक्षकाराच्या वारसाने नाते दाखवावे. प्रकरणाशी संबंध नसलेला, म्हणजे कोर्टाच्या भाषेत तिऱ्हाईत, असेल तर त्याने प्रत कशासाठी हवी ते कारण लिहावे लागते आणि न्यायाधीश ते पाहून परवानगी देतात. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र जोडल्यास बरे पडते.

आमचे काही तरुण कार्यकर्ते प्रत्येक ठिकाणी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकतात. त्यांचा उत्साह चांगला, पण न्यायदानाच्या बाजूच्या कागदांसाठी हा रस्ता नव्हे. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, असे कागद न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागावेत. तेव्हा नक्कल विभागाची खिडकी हाच जवळचा रस्ता.

अर्जाचा नमुना साधारण असा करावा:

“मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे न्यायालयात, मुक्काम अमुक. नियमित दिवाणी दावा क्रमांक अमुक, सन अमुक. वादी अमुक विरुद्ध प्रतिवादी अमुक. निकालाची तारीख अमुक. विषय : प्रमाणित प्रती मिळणेबाबत. अर्जदार ही वरील दाव्यातील मयत वादीची सून व वारस आहे. अर्जदारास खालील कागदांच्या प्रमाणित प्रती हव्या आहेत : निकालपत्र, हुकूमनामा, वादपत्र, दाव्यातील नकाशा व संपूर्ण रोजनामा. कारण : सदर हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून मागावयाची आहे. नकलेचा खर्च भरण्यास अर्जदार तयार आहे.” खाली तारीख, सही, पूर्ण पत्ता. वर कोर्ट फी स्टॅम्प.

फीचा दर व साधी की तातडीची नक्कल, हे खिडकीवर विचारून घ्यावे. अर्जाचा नोंद क्रमांक मागून घ्यावा, नाहीतर पुढच्या खेपेस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. शक्य असेल तर आधी दप्तर पाहण्याचा अर्ज करून फाईल चाळावी. फाईलमधील प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर ‘नि.’ म्हणजे निशाणी क्रमांक असतो. तो टिपून अर्जात लिहिला तर नेमका हवा तोच कागद मिळतो व नको त्या पानांचे पैसे पडत नाहीत. आमच्या अनुभवाने सांगतो, लोक निकालपत्र घेतात आणि रोजनामा विसरतात. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय घडले त्याची नोंद. कोण हजर होते, कोणी मुदत मागितली, कोणता अर्ज कधी आला, सारे त्यात असते. इतिहास लिहिणाऱ्यास तर त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार नाही.

दाव्यात अपील झाले असेल तर मूळ दप्तर वरच्या कोर्टात गेलेले असते व परत येईपर्यंत खाली नक्कल मिळत नाही. निकाली दप्तर काही काळाने तालुक्याहून जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात जाते. तसेच सर्वच कागद कायम ठेवले जात नाहीत; काही वर्गांतील कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. म्हणून ज्यांच्या घरात जुने कज्जे झाले आहेत त्यांनी आजच नकला काढून ठेवाव्यात.

ज्यांच्याविरुद्ध ताजा निकाल लागला आहे त्यांच्यासाठी नकलेचा प्रश्न दिवसांचा असतो. तालुका कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस मिळतात. नक्कल तयार होण्यास लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे या ३० दिवसांतून वगळतात. पण ते दिवस अर्ज दिल्यापासून मोजतात. ‘कोर्टाने अजून हुकूमनामा तयार केला नाही’ म्हणून जो घरी बसला, त्याचे ते दिवस धरले जातातच. निकाल लागला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नक्कल अर्ज द्यावा.

फौजदारी प्रकरणांत शिक्षा झालेल्या आरोपीस निकालाची प्रत विनामूल्य मिळते. अत्याचारग्रस्तांसाठी वेगळी तरतूद आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले व ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे पीडितास गुन्ह्याच्या खबरीची प्रत मोफत मिळाली पाहिजे, कोर्टातील कामकाजाची वेळेवर सूचना मिळाली पाहिजे, आणि सामाजिक कार्यकर्त्याची किंवा वकिलाची मदत घेता आली पाहिजे. अत्याचाराच्या खटल्यात पीडिताचे कुटुंब पुढची तारीख माहीत नाही म्हणून गैरहजर राहते, हे आम्ही पाहिले आहे. तेव्हा खटल्याचा क्रमांक पहिल्या दिवशीच लिहून घ्यावा. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे मात्र गुन्हा आहे. बालकांच्या व पती-पत्नीच्या प्रकरणांतही कागद सर्वांस खुले नसतात, आणि नसावेत हेच योग्य.

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके व तुरुंगातील बंदी यांस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. प्रमाणित प्रती मिळवून देणे हेही त्यात येते. मदतीसाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

एक खुलासा राहिला. ‘आमच्या वतनी जमिनीची केस कोर्टात होती’ असे पुष्कळ वृद्ध सांगतात. चौकशी केली की ती तहसीलदार किंवा प्रांत यांच्यापुढे चाललेली निघते. कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली व जमिनी पुन्हा देण्याचे हुकूम महसूल खात्याने केले. ते कागद दिवाणी कोर्टात सापडणार नाहीत. त्यासाठी तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. तेथे माहितीच्या अधिकाराचाही उपयोग होतो.

त्या भगिनींच्या प्रकरणात दप्तर शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाले. हुकूमनाम्यात प्रतिवादीने त्या जागेस अडथळा करू नये असा कायम मनाई हुकूम होता. इतर हुकूमनाम्यांची अंमलबजावणी १२ वर्षांच्या आत मागावी लागते, कायम मनाई हुकमास ही मुदत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही दरखास्त दाखल करता आली. ती चालू आहे. नक्कल भगिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली आहे, आणि दाव्याचा नंबर घराच्या दारामागे खडूने लिहिला आहे. वरील अर्जाच्या कोऱ्या प्रती संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी वंदनेनंतर त्या मिळतील. येताना जो काही जुना कागद घरी असेल, फाटका असला तरी, बरोबर आणावा.