ओल, वारा आणि ताप

पावसाळा अर्धा सरला, पैनगंगा गढूळ होऊन वाहू लागली आणि काळ्या रानातील कपाशी गुडघ्याएवढी झाली, की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात तापाचे दिवस येतात. वर्गातील बाके रिकामी दिसू लागतात. घरी जाऊन चौकशी करावी, तर वडीलधारी मंडळी एकच उत्तर देतात, "हवा बदलली, म्हणून पोराच्या अंगात कसर आहे." हे उत्तर खरे मानावे की चुकीचे? या प्रश्नाचा विचार दोन प्राचीन वैद्यकांनी फार पूर्वी केला आहे. एक आपले आयुर्वेद आणि दुसरे चीनचे. त्यांपैकी दुसऱ्याची ओळख आपल्याला कमी आहे. यास्तव त्यापासूनच आरंभ करू.

चीन देश आपल्याला अगदीच परका नव्हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी तेथे गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्या देशाच्या परंपरागत वैद्यकाचा मूळ ग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्यापासून चालत आलेल्या परंपरेत रोगाची सहा बाह्य कारणे सांगितली आहेत: वारा, थंडी, उन्हाळी उष्मा, ओल, कोरडेपणा आणि अग्नी. ही सहाही निसर्गात असावयाचीच. परंतु त्यांपैकी एखाद्याचा अतिरेक झाला, ते अकाली आले, किंवा शरीराचे बळच कमी पडले, म्हणजे तेच रोगाचे कारण होते. वाऱ्यामुळे झालेली व्यथा वाऱ्यासारखीच एका जागी ठरत नाही. ओलीमुळे अंग जड होते व दुखणे चिवटपणे रेंगाळते, असे ते वैद्य मानीत.

आता आपल्याकडे पाहू. चरकसंहितेच्या विमानस्थानात गंगेच्या काठी कांपिल्य नगरीजवळ पुनर्वसु आत्रेय आपल्या अग्निवेश नावाच्या शिष्याला एक कोडे उलगडून सांगतात. माणसांची प्रकृती, आहार व वय भिन्न असताना एकाच वेळी सारा प्रदेश आजारी का पडतो? त्यांचे उत्तर असे, की वायू, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सर्वांना समान आहेत. त्या बिघडल्या म्हणजे सारेच आजारी पडतात. त्या बिघडण्याच्या मुळाशी त्यांनी अधर्म, म्हणजे माणसांचे चुकीचे वर्तन, ठेवला आहे.

दोन्ही देशांतील निरीक्षण किती सूक्ष्म होते! ताप ओल्या ऋतूत व पाणथळ जागी वाढतो, हे त्यांनी अचूक टिपले. मात्र ओल आणि ताप यांच्यामधला दुवा त्यांच्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते. युरोपातही तीच अडचण होती. इटालियन भाषेत 'माल आरिया' म्हणजे दूषित हवा. त्यावरूनच मलेरिया हे नाव पडले. चीनमध्ये वू योउके या वैद्याने १६४२ साली असे लिहिले, की साथीचे रोग ऋतूंच्या सहा कारणांनी होत नाहीत. नाकातोंडावाटे शिरणारा निराळाच दूषित अंश त्यांना कारण होतो. जुने मत प्रमाण न मानता पुन्हा पाहण्याचे हे धैर्य होते.

हिवतापाचा हरवलेला दुवा सापडला तो आमच्यापासून फार दूर नव्हे. सिकंदराबादेजवळ बेगमपेठ येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना, रुग्णाचे रक्त प्यालेल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू आढळले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, दोष हवेचा नव्हता, तर ओलीत वाढणाऱ्या ॲनॉफेलिस जातीच्या मादी डासाचा होता.

म्हणून जुने ग्रंथ टाकून द्यावेत काय? मुळीच नव्हे. चौथ्या शतकातील गे होंग या चिनी विद्वानाने तापासाठी छिंगहाओ नावाची वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घेण्यास सांगितले होते. उकळण्यास सांगितलेले नव्हते, हे तू यूयू या संशोधक स्त्रीच्या ध्यानात आले. तिने १९७१ साली कमी तपमानावर अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध जगाला लाभले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. जुने वचन तिने प्रयोगाच्या कसोटीस लावले, हे महत्त्वाचे.

आपल्या देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली. पुढील दशकात रुग्णांची वार्षिक संख्या लाखाच्या आसपास उतरली. परंतु कामात ढिलाई आली, कीटकनाशकांना न जुमानणारे डास निपजले, आणि १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. आत्रेयांनी सांगितलेला अधर्म याहून निराळा तो कोणता?

विद्यार्थी मित्रहो, डासाच्या अंड्यापासून पंख फुटलेला डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस लागतात. यास्तव आठवड्यातून एक दिवस रांजण, हौद व कूलर रिकामे करून कोरडे करावेत, डबकी बुजवावीत आणि रात्री मच्छरदाणी लावावी. आणि घरात कोणी "हवा बदलली" असे म्हणून थांबू लागले, तर आपण नम्रपणे म्हणावे, "आजी, हवा बदलली हे खरे, पण आजच रक्त तपासून घेऊ." कारण फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापात एकदोन दिवसांचा विलंबही मुलाच्या जिवावर बेतू शकतो. डोंगरातील गुड्यांपासून दवाखाना लांब असतो. तेथे तर हे वाक्य वेळेवर उच्चारले जाणे अधिकच अगत्याचे आहे.

ऋतू बदलणे आपल्या हाती नाही. दारातले साचलेले पाणी मात्र आपल्या हाती आहे. पुढील पावसाळ्यात आमच्या वर्गातील एकही बाक तापामुळे रिकामे राहू नये, एवढा निश्चय आपण सर्वांनी मिळून करू.