माफी कॉलेजला नसते, प्रवेशाला असते

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला ८१ पर्सेंटाइल पडले. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचं आहे. आमच्या तालुक्याच्या गावी ॲडमिशनचं काम करणारे एक सर आहेत. ते म्हणतात, एवढ्यावर पुण्यात कॉम्प्युटर मिळणार नाही, पण त्यांच्या ओळखीने पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट धरून देतील. रविवारपर्यंत ५० हजार रुपये आणि मूळ कागदपत्रं द्यायची आहेत. फी वर्षाला दीड लाख आहे, पण मुलींना शासनाची पूर्ण फीमाफी असल्यामुळे ती नंतर परत मिळेल, असं सर म्हणाले. आम्ही ओबीसी आहोत. मिस्टरांचा टेम्पो आहे, मी अंगणवाडी सेविका आहे. दोघांचं मिळून वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न आहे. कॅपचा फॉर्म भरला आहे, पण आता पुढचं काही करायची गरज नाही असं सर म्हणतात. शैक्षणिक कर्ज कोणत्या बँकेचं स्वस्त पडेल? तोपर्यंत दागिने गहाण ठेवून ५० हजार उभे करावेत का? लॅपटॉप आत्ताच घ्यावा का?
– एक आई, जि. लातूर

उत्तर : ताई, हे उत्तर छापून येईपर्यंत तुमचा रविवार उलटून गेलेला असेल. म्हणून ‘पैसे भरू नका आणि एकही मूळ कागद देऊ नका’ एवढं मी तुम्हाला आधीच फोनवर कळवलं. त्यामागचं कारण आता सविस्तर लिहितो, कारण याच आशयाची पत्रं दर पावसाळ्यात येतात.

तुम्ही विचारलंय कर्जाचं. पत्र दोनदा वाचल्यावर मला दिसली ती वेगळीच काळजी : हातची सीट गेली तर पोरीचं वर्ष वाया जाईल. ही भीती खरी आहे आणि ‘रविवारपर्यंत’ हा शब्द त्या भीतीवरच बेतलेला आहे. त्यामुळे आधी विचारायला हवा होता तो प्रश्न असा, की हा प्रवेश कोणत्या वाटेने होतोय? बँक कोणती, हे त्यानंतर.

सरांनी तुम्हाला सांगितलेलं अर्धं खरं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तुमची मुलगी यात अगदी नीट बसते. पण त्याच निर्णयात एक अट आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी कॅपमधून आलेलीला माफी मिळते आणि कोट्यातून आलेलीला मिळत नाही. कॉलेज तेच, प्राध्यापक तेच, फी मात्र वेगळी. आणि हे पहिल्या वर्षापुरतं नाही. कोट्याचा शिक्का चारही वर्षं अंगावर राहतो. दुसऱ्या वर्षी जाऊन ‘आता आम्हाला माफीत घ्या’ म्हणता येत नाही. ‘नंतर परत मिळेल’ हे वाक्य म्हणूनच खोटं आहे. महाडीबीटीवर अर्ज भरतानाच कॅपचा तपशील द्यावा लागतो आणि कोट्याचा अर्ज छाननीत बाद होतो. तोवर दिवाळी झालेली असते आणि पैसे कधीच भरून झालेले असतात.

आकडा मांडून बघा. दीड लाखाप्रमाणे चार वर्षांचे सहा लाख. हे सगळे कर्जाने भरले आणि व्याज दहा टक्के धरलं, तर शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. साध्या व्याजाने ही रक्कम दोन लाख दहा हजार होते. म्हणजे मुलगी पहिला हप्ता भरायला बसेल तेव्हा तिच्या नावावर आठ लाख दहा हजार असतील. कॅपमधून गेली तर यातला बहुतेक भाग उभाच राहत नाही.

आता त्या मूळ कागदांबद्दल. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी आणि तिच्यात घडी घातलेला एक कागद. वहीतून फाडलेला, त्यावर निळ्या शाईने ‘रु. ८०,००० मिळाले’ आणि खाली एक सही. कॉलेजचं नाव नाही, शिक्का नाही, पावती क्रमांक नाही, तारीखही अर्धवट. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला सगळं कॉलेजात जमा. शंभराच्या स्टॅम्पवर ‘मी प्रवेश रद्द करणार नाही, केल्यास चारही वर्षांची फी देईन’ असं हमीपत्रही वडिलांच्या सहीने दिलेलं. कॅपच्या दुसऱ्या फेरीत त्या मुलाला सरकारी महाविद्यालय लागलं. सरकारी! दाखले परत मागायला गेले तर काउंटरवर उत्तर मिळालं, आधी चार वर्षांची फी भरा. वडील तीन दिवस त्या आवारात बसून होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हजर होण्याची मुदत संपली. दाखले नंतर मिळाले, लेखी तक्रार केल्यावर चार दिवसांत मिळाले. सीट गेली ती गेलीच. तो मुलगा माझ्यासमोर एक शब्द बोलला नाही, नुसता त्या पिशवीचे बंद पिळत बसला होता. मी वकिली करतो, पण गेलेली फेरी परत आणून देणारा अर्ज मला लिहिता येत नाही.

त्या वडिलांना कोणी सांगितलं नव्हतं ते तुम्ही लक्षात ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोग आणि एआयसीटीई दोघांचेही नियम आहेत की संस्थेने मूळ कागदपत्रं स्वतःकडे अडकवून ठेवायची नाहीत. मूळ कागद दाखवायचे, पडताळणी झाली की तिथल्या तिथे परत घ्यायचे, साक्षांकित झेरॉक्स द्यायची. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला, तर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी सगळी फी परत द्यावी लागते. नियमाविरुद्ध लिहून घेतलेल्या हमीपत्राला घाबरायचं कारण नाही, पण मुळात ते देऊच नका. मंजूर फीवर जास्तीचे पैसे मागणं हा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्या कॉलेजची मंजूर फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. सरांनी सांगितलेला दीड लाख तिथल्या आकड्याशी जुळतो का, एवढं तरी आज तपासा.

ज्यांनी हे वाचण्याआधीच कागद दिले आहेत, त्यांनी प्राचार्यांच्या नावे परत मागणारा अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवावा. मग प्रवेश नियामक प्राधिकरण आणि एआयसीटीईच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करावी. फोनवर भांडून काही होत नाही. लेखी तक्रारीची प्रत समोर ठेवल्यावर बहुतेक कॉलेजं चार दिवसांत नरमतात. फक्त हे फेरीची मुदत संपण्याआधी करा.

तुमच्या मुलीला कॉम्प्युटर मिळणार नाही, हे सरांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर कॉलेजवार, शाखावार आणि प्रवर्गवार आहेत. तुम्ही आणि मुलगी एक संध्याकाळ बसून ओबीसी आणि मुलींच्या जागांचे आकडे वहीत उतरवा. फक्त पुणेच का? लातूर, नांदेड, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे कॉलेजं आहेत. आयटी आणि त्याच्या जवळपासच्या शाखाही बघा. पसंतीक्रमात पर्याय भरपूर भरा, पण पहिल्या क्रमांकावर तिला खरोखर हवं तेच टाका, कारण पहिली पसंती लागली की तो प्रवेश घ्यावाच लागतो. इतर वाचकांपैकी ज्यांचा मुलगा आहे आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी टीएफडब्ल्यूएसच्या जागांचे वेगळे कोड पसंतीक्रमात जरूर टाकावेत. त्या जागांवर शिक्षण शुल्क लागत नाही आणि नुसत्या माहितीअभावी पोरं ते कोड भरत नाहीत.

नॉन क्रीमी लेअर प्रमाणपत्राचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही. ते नसेल तर उद्या सकाळी सेतू केंद्रात जा. ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर झालं नाही तर मुलगी खुल्या प्रवर्गात ढकलली जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातंही लागेल. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, एकदा भरून विसरायचा नाही.

आता कर्ज. माफी मिळाल्यावर तुमच्यावर उरतं ते विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि पुस्तकं. त्यासाठी मोठं कर्ज लागणार नाही. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतही तारण लागत नाही. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना नॅक किंवा एनबीए मानांकन असलेल्या ठिकाणी शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, त्यामुळे कॉलेज निवडताना मानांकनही बघा. आधी गावातल्या, तुमचं खातं आहे त्याच राष्ट्रीयीकृत बँकेत विचारा. अर्ध्या टक्क्याच्या फरकासाठी चार शहरं फिरू नका. कर्ज मुलीच्या नावावर असलं तरी सहकर्जदार म्हणून सही तुमची असते. हप्ते थकले तर बँक तुमच्याही दारात येते.

दागिने गहाण ठेवू नका. पर्सनल लोन नको, सावकार तर नकोच. लॅपटॉप पहिल्या सत्रात अडत नाही, दिवाळीनंतर बघा.

त्या सरांना नाही म्हणताना संकोच वाटेल, ओळखीचे आहेत म्हणून. एकच विचारा : ‘हा प्रवेश कॅपमधला आहे का, आणि मुलीला २०२४ च्या शासन निर्णयाची माफी मिळेल, असं कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने लिहून मिळेल का?’ ते लिहून मिळणार नाही. कॅपच्या पहिल्या फेरीचा पसंतीक्रम भरायची शेवटची तारीख मात्र आजच कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा.