आधी आजीला सांग, मग झुरळं आण

अगं छोटे, झुरळं पाळायची म्हणतेस, त्यात मला वेडगळ काहीच वाटत नाही. लोक फ्लॅटमध्ये हस्की पाळतात आणि त्याच्यासाठी दिवसभर एसी लावून ठेवतात. तू निदान मुंबईच्या हवेत सुखाने जगेल असा प्राणी निवडलास. माझी काळजी वेगळी आहे. गिरगावातली दीड खोली, पाच माणसं, एक मोरी आणि शेजाऱ्यांशी सामायिक भिंत. अशा घरात कुणाचीही हौस एकट्याची राहत नाही. तेव्हा जरा बस, ताईचं ऐक, आणि मग काय करायचं ते ठरव.

आधी कुठलं झुरळ ते बघू. जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत. त्यातल्या जेमतेम तीसेक जाती माणसांच्या वस्तीत घुसतात, बाकीच्या रानात पालापाचोळा खाऊन मुकाट जगतात. आपल्या मोरीत रात्री दिवा लावला की पळतं ते मोठं तांबूस झुरळ म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. तुझ्या अकरावीच्या पुस्तकात तेरा कप्प्यांचं हृदय असलेलं जे झुरळ आहे ना, तेच हे. आमच्या वेळी कॉलेजात याचीच चिरफाड करायचे. मग यूजीसीने आधी ती कमी करायला सांगितली आणि 2014 मध्ये बंदच केली. हे फुकट मिळतं म्हणून पकडून बरणीत ठेवू नकोस. ते गटारातून येतं, अंगावर काय काय घेऊन येतं ते आपल्याला दिसत नाही.

स्वयंपाकघरातलं छोटं पिवळट, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ तर स्वप्नातसुद्धा पाळायचं नाही. त्याची मादी एका कोशात तीस-चाळीस अंडी घेऊन फिरते आणि पिल्लं बाहेर पडायची वेळ आली की मगच तो सोडते. एक मादी सुटली तर गॅसच्या ओट्यामागे वसाहत उभी राहिलीच समज. मग आई कणकेत बोरिक पावडर आणि साखर कालवून गोळ्या ठेवत बसेल आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून तुझा उद्धार करतील.

आता परदेशी जातींकडे येऊ, कारण तू व्हिडिओ बघून त्यांच्याच प्रेमात पडली असणार. मादागास्करचं हिसिंग कॉकरोच खरंच देखणं असतं. बोटाएवढं लांब, पंख नाहीत, नराच्या मानेवर दोन टेंगळं. पोटावरच्या श्वासछिद्रांतून हवा जोराने सोडून ते फुसकारतं. मादी अंड्यांचा कोश पोटातच वाढवते आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. दक्षिण अमेरिकेकडचं डुबिया सरडे पाळणाऱ्यांच्या आवडीचं, कारण ते गुळगुळीत भिंतीवर चढत नाही. पण हे व्हिडिओ बनवणारे बहुतेक थंड देशांत राहतात. तिथे डब्याखाली गरम पट्टी लावली नाही तर यांची पैदास होत नाही, आणि एखादं पळालं तर हिवाळ्यात बाहेर मरतं. आपल्याकडे अख्खी मुंबईच गरम पट्टी आहे. जानेवारीतसुद्धा पारा सहसा पंधराच्या खाली उतरत नाही, पावसाळ्यात दमटपणा विचारू नकोस. जी हवा तुझ्या डब्यातल्यांना मानवेल, तीच पळून गेलेल्यालाही मानवेल.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. ते पिवळट झुरळ आज जगभरातल्या स्वयंपाकघरांत आहे, पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्याचं मूळ भारत-म्यानमारच्या बाजूला निघालं. साधारण 2100 वर्षांपूर्वी ते माणसाच्या वस्तीशी जुळवून घेत वेगळी जात बनलं, आणि मग माणसांच्या सामानाबरोबर जगभर गेलं. एवढीशी गोष्ट सुटली तर कुठवर जाते बघ. शिवाय परदेशातून जिवंत किडे आणायचे तर प्लांट क्वारंटाइनच्या 2003 च्या आदेशाप्रमाणे केंद्राचा परवाना लागतो. कुणी गुपचूप पार्सलने पाठवतो म्हणाला, तर नको म्हणायचं. क्रॉफर्ड मार्केटात आरोवाना मासे घेणारे त्यांना खाऊ म्हणून किडे नेतात, पण तो खाऊ झाला. पैदास करायची तर जात कुठली, आली कुठून, हे माहीत हवं.

मला विचारशील तर आपल्याच मातीतलं एक झुरळ आहे, थेरिया पेटिव्हेरियाना. दक्षिण भारतातलं, रुपयाच्या नाण्याएवढं, काळंभोर, पाठीवर सात दुधी ठिपके. बघणाऱ्याला हे झुरळ आहे असं वाटतच नाही. लिनिअसलाही वाटलं नव्हतं. 1758 मध्ये त्याने याला भुंग्यांच्या कुळात घातलं होतं! आपल्याकडच्या एका ठिपकेवाल्या, आम्ल फवारणाऱ्या भुंग्यासारखं दिसून ते भक्षकांना फसवतं असं मानतात. परदेशातले हौशी लोक हे मुद्दाम मागवून पाळतात. फक्त एक लक्षात ठेव, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणायचं नाही, कीटकसुद्धा नाही. कायद्याने तो गुन्हा आहे. आधीपासून पाळणाऱ्या कुणाकडून डब्यात जन्मलेली पिल्लं मिळाली तरच घे.

याला लागतं काय? झाकणाचा पारदर्शक डबा. तळाला चार बोटं कोकोपीट आणि माती, वर वाळलेला पाला. खालचा थर ओलसर, वरचा कोरडा. पिल्लं मातीतच राहतात, म्हणून वरून बघून डबा रिकामा आहे असं वाटेल. त्यांना वाढायला कित्येक महिने लागतात आणि मोठी झाल्यावर काही महिनेच जगतात, तेव्हा घाईच्या माणसाचं हे काम नाही. दादरच्या फुटपाथवर जंगली बदामाची पानं पडतात ती चालतील, पण औषध मारलेल्या झाडाखालची नकोत, आणि आणल्यावर कडक उन्हात वाळव. खायला गाजराची फोड, सफरचंदाची साल, माशांचं थोडं खाद्य. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं, नाहीतर बुरशी. झाकणाला भोक पाडून बारीक स्टीलची जाळी लाव, नायलॉनची ते कुरतडतात. आतून वरच्या कडेला बोटभर रुंद व्हॅसलीनचा पट्टा. आणि डबा ठेवशील तो स्टँड पाण्याच्या ताटल्यांत ठेव, आजी गुळाचा डबा ठेवते तसा. चाळीतल्या मुंग्यांना तुझ्या छंदाचं कौतुक नसतं.

एखाद्या दिवशी पाला हलवताना तुला एक पांढरंशुभ्र पिल्लू दिसेल. दचकू नकोस, आजारी नाही ते. नुकतीच कात टाकलेली असते. अंग दुधासारखं, मऊ, डोळे तेवढे काळे, शेजारी जुनी कात फाटलेली. हात लावू नकोस, त्या वेळी त्याला सहज इजा होते. काही तासांत रंग चढतो आणि अंग कडक होतं. आणखी एक बघ, झुरळ पुढच्या पायाने मिशी खाली ओढून तोंडातून सबंध ओढून घेतं, अगदी टोकापर्यंत. ज्या प्राण्याला आपण घाणेरडा म्हणतो तो वारंवार स्वतःला साफ करत असतो. हे पाहिलंस की छंद कशासाठी आहे ते मला सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. झुरळांची विष्ठा, कात आणि मेलेल्या अंगाचा चुरा हवेत उडतो आणि त्याने दमा उसळतो. स्वच्छ डब्यातली झुरळंही याला अपवाद नाहीत. वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांनाही पुढे ॲलर्जी होऊ शकते. आजीला दमा आहे. ती रात्री उशीला टेकून बसते ते तू बघतेस. म्हणून डबा तिच्या खोलीत नाही म्हणजे नाही. साफसफाई गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, माती किंचित ओली करून, आणि नंतर साबणाने हात धुवून. दीड खोलीत हे जमणार नसेल, तर डबा कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवता येतो का विचार. आणि आजी नाही म्हणाली तर तो विषय तिथेच संपला. आतल्या खणात लपवून ठेवायचा विचार करू नकोस. चाळीत लपून काही राहत नाही, आणि झुरळ तर नाहीच नाही.

चाळीत पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील तर डबा आदल्या दिवशी मैत्रिणीकडे हलव, कारण फवारा पाळीव आणि बिनपाळीव ओळखत नाही. गणपतीत लालबागला मावशीकडे दहा दिवस जाशील तेव्हा झाकण कोण बघणार ते आधी ठरव. पाहुण्यांची मुलं डबे उघडून बघतातच. आणि कंटाळा आला, तर जिवंत झुरळं गॅलरीतून सोडायची नाहीत. दुसऱ्या पाळणाऱ्याला दे. माती फेकायची झाली तर त्यात अंड्यांचे कोश असतात, म्हणून ती पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेव आणि मगच टाक. अर्थात आईच्या फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी आईलाही सांगावं लागेल.

एवढं करूनही हौस टिकली, तर आधी नुसता डबा भर. माती, पाला, जाळी, ताटल्या, सगळं, पण झुरळ एकही नको. जुलैचा अख्खा महिना तो सांभाळ. बुरशी धरली नाही, मुंग्या शिरल्या नाहीत, आजीच्या खोकल्यात फरक पडला नाही, आणि रोज बघायचा कंटाळा तुला आला नाही, तर ऑगस्टमध्ये फोन कर. पिल्लं कुणाकडे मिळतील ते दोघी मिळून शोधू.