पिंजऱ्यातला पोपट कोणता घ्यावा?

सेलू तालुक्यातल्या एका गावी आम्हांला एक आबाजी भेटले. त्यांच्या ओसरीवर एक रिकामा पिंजरा टांगलेला होता. आम्ही विचारले, "आबाजी, पिंजरा रिकामा कसा?"

आबाजी म्हणाले, "काय सांगू भाऊ! नातवाले मिठ्ठू पाहिजे होता. एक माणूस टोपलीत पिलं घेऊन आला. पोट्टा रडे, म्हणून एक घेतलं. आठ दिवस ठेवलं. मंग शाळेतल्या गुरुजीनं सांगितलं का हे कायद्यात बसत नाही. वनखात्याच्या माणसाले देऊन टाकलं."

"बरे केले," आम्ही म्हणालो.

"बरं केलं, पण आता लेकराले काय देऊ?"

आबाजींचा हा प्रश्न पुष्कळांचा आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

आपल्या वर्धा जिल्ह्यात जो हिरवा पोपट दिसतो, त्याची चोच लाल असते. नर मोठा झाला म्हणजे त्याच्या गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी उमटते. दुसरा पोपट त्याहून मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला. बाजारात त्याला पहाडी पोपट म्हणतात. हे आपल्या देशातले रानपक्षी आहेत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे हे पोपट धरणे, विकणे, विकत घेणे आणि घरात पाळणे, सारे गुन्हा आहे. विकणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. दंड होतो, कैदही होऊ शकते. "आमच्या आजोबांच्या घरी होता की!" असे कोणी म्हणेल. होता, खरे आहे. तेव्हा हा कायदा नव्हता.

नुसत्या कायद्याची गोष्ट असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. ही पिले येतात कोठून ते पाहा. हिवाळा सरता सरता पोपटाची मादी झाडाच्या ढोलीत अंडी घालते. पिले निघतात तेव्हा उघडी असतात, अंगावर पीस नसते. माणूस झाडावर चढतो, ढोलीत हात घालतो आणि पिले ओढून काढतो. ती पिशवीत, टोपलीत कोंबून बाजारात जातात. बरीच वाटेतच मरतात. वाचलेल्यांचे पंख कापतात. कोणी दया येऊन टोपलीतले एक पिलू विकत घेतो. त्याला वाटते, आपण एक जीव सोडवला. पण विकणाऱ्याला पैसे मिळाले, की तो पुढल्या आठवड्यात दुसऱ्या ढोलीत हात घालतो. असे विकणे दिसले तर पिलू घेऊ नका. महाराष्ट्र वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

एक शेतकरीदादा आम्हांला म्हणाले, "पोपट आमच्या ज्वारीचं कणीस कुरतडते, पेरू टोचते. त्याले धरलं तं काय बिघडलं?" दादांचे नुकसान खोटे नाही. पण ढोलीतली चार पिले काढून वावर राखले जात नाही. त्याला जागल करावी लागते, चमकीच्या पट्ट्या बांधाव्या लागतात.

मग घरात ठेवायला कोणता पक्षी? लहान पोपटाच्या जातीचा एक पक्षी आहे. आपल्याकडे दुकानात त्याला 'लव्हबर्ड' म्हणतात. पण खरे लव्हबर्ड वेगळे, ते आफ्रिकेतले. आपण ज्याबद्दल बोलतो त्याचे नाव बजरीगार. तो ऑस्ट्रेलिया देशातला. तिथल्या कोरड्या माळरानावर त्याचे थवेच्या थवे उडतात. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षी-अभ्यासकाने तो जिवंत इंग्लंडला आणला. तेव्हापासून माणसांनी पिंजऱ्यातच त्याच्या पिढ्या वाढवल्या. रानातला बजरीगार हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, राखी हे रंग माणसाने पाळून पाळून काढले. हा पक्षी पिंजऱ्यातच जन्मतो, कोणाच्या ढोलीतून काढलेला नसतो. म्हणून तो पाळता येतो. मात्र पुण्य लागावे म्हणून त्याला आकाशात सोडू नका. आपल्या रानात त्याला जगता येत नाही. कावळा-शिकऱ्याच्या तोंडी जातो, नाही तर उपाशी मरतो.

आता निवड. इथे आमचीच फजिती सांगतो. आम्ही पहिल्यांदा एका दुकानातून निळी जोडी आणली. रंग पाहिला, बाकी काही पाहिले नाही. त्यातला एक पक्षी अंग फुगवून बसे. आम्हांला वाटले, गुबगुबीत आहे. चौथ्या दिवशी तो पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडला. पक्षी पिसे फुगवून गप्प बसतो तेव्हा बहुधा तो आजारी असतो, हे आम्हांला मागाहून कळले.

म्हणून दुकानात गेल्यावर घाई करू नका. पिंजऱ्यापासून चार हात दूर उभे राहा आणि पाव घटका नुसते पाहा. माणूस जवळ आला की आजारी पक्षीही ताठ बसतो, आपले दुखणे लपवतो. दूर राहिले म्हणजे खरे दिसते. चांगला पक्षी दाणे टिपतो, इकडून तिकडे जातो, दुसऱ्यांशी किलबिल करतो. त्याचे डोळे स्वच्छ असतात. श्वास घेताना शेपूट खालीवर हलत असेल, तर तो पक्षी नको. शेपटीखालची पिसे घाणीने चिकटलेली असतील, तरी नको. चोचीभोवती किंवा पायांवर चुन्यासारखी पापडी दिसली तर ती किड्यांची खरूज असते, ती दुसऱ्या पक्ष्यांना लागते. दुकानदार म्हणेल, "दोन दिवसांत बरा होईल." त्याला म्हणावे, "बरा झाला की येतो."

वय लहान असावे, म्हणजे पक्षी लवकर माणसाळतो. लहान बजरीगारच्या कपाळावर आडव्या बारीक रेषा थेट चोचीपर्यंत असतात. तीन-चार महिन्यांनी त्या जातात आणि कपाळ साफ होते. नर-मादी ओळखायला चोचीच्या वर, नाकपुड्यांच्या जागी पाहा. मोठ्या नराची ती जागा निळी असते, मादीची तपकिरी. अगदी पांढऱ्या किंवा पिवळ्याजर्द पक्ष्यांत ही खूण फसते.

एक घ्यावा की दोन? हा पक्षी थव्यात राहणारा आहे. घरातली सारी माणसे दिवसभर वावरात जात असतील, तर एकट्या पक्ष्याला कोंडून ठेवणे बरे नाही. तेव्हा दोन घ्या. दोन नर सहसा चांगले राहतात, दोन माद्या पुष्कळदा भांडतात. नर-मादी घेतली आणि पिंजऱ्यात मडके टांगले, की चार-सहा अंडी होतात आणि अठरा दिवसांत पिले निघू लागतात. पिलांना ठेवणार कुठे, याचा विचार आधी करा. पिले नको असतील तर मडके टांगूच नका.

पिंजरा उंच नको, लांब हवा. पक्षी आडवा उडतो. आबाजींचा तो गोल पिंजरा या कामाचा नव्हता, तसे आम्ही त्यांना सांगितले. आत पेरूची किंवा कडूनिंबाची फांदी बसवा. खायला राळा आणि बाजरी, सोबत धुतलेला पालक, मेथी, कोथिंबीर. समुद्रफेसाचा एक तुकडा अडकवा, त्याने चुना मिळतो आणि चोचही झिजते. चहात बुडवलेली पोळी, मीठ-मिरचीचे खाणे, चॉकलेट देऊ नका.

वर्ध्याचा उन्हाळा आपल्याला ठाऊकच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याखाली टांगलेला पक्षी दुपारपर्यंत मरतो. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून बसला तर त्याला उष्णता सोसत नाही असे समजा. पिंजरा सावलीच्या खोलीत न्या, बाजूला ओले पोते टांगा, पाणी दिवसातून दोन-तीन वेळा बदला. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको. चुलीच्या धुरापासूनही पिंजरा दूर ठेवा. न चिकटणारा तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी पाहता पाहता मरतो.

पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवा. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांपासून माणसाला कधी कधी ताप-खोकल्याचा एक आजार होतो. तसा ताप आला तर डॉक्टरांना "घरी पक्षी आहे" हे आठवणीने सांगा. औषध त्यावरून ठरते.

हा पक्षी चांगला सांभाळला तर पाच ते आठ वर्षे जगतो. तितकी वर्षे दाणा-पाणी कोण करील, हे आधी घरात बोलून घ्या. आबाजींनी नातवाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मी करतो." आबाजी हसून आम्हांला म्हणाले, "म्हंजे मलेच करा लागन."

पुढे आबाजींनी लांब पिंजरा करवून घेतला आणि दोन नर आणले, एक हिरवा, एक निळा. पहिले तीन दिवस पिंजऱ्यात हात घालायचा नाही, नुसते जवळ बसून बोलायचे, असे आम्ही नातवाला सांगितले होते. चौथ्या दिवसापासून तो तळहातावर राळा घेऊन बसू लागला. निळा बाराव्या दिवशी हातावर आला. हिरवा अजून येत नाही.