दादाची फाइल



अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ झाली आणि आता अकोल्याच्या दादासाठी अर्ज टाकायचा विचार आहे, हे कळलं. जरूर टाक. पण हा अर्ज काय देतो आणि काय देत नाही, ते आधी दादा-वहिनी दोघांना सांग. अमरावतीच्या राजकमल चौकापासून न्यू जर्सीपर्यंत याबद्दल ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात. "त्याच्या भावानं नेलं, दोन वर्षांत गेला" ही त्यातली सगळ्यात जुनी.

ती एके काळी खरीही होती. त्याआधी १९४६ च्या अमेरिकी कायद्याने अख्ख्या भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा आल्या होत्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याजवळ नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि दार उघडलं. इथले डॉक्टर, इंजिनिअर गेले, नागरिक झाले, मग त्यांनी भावंडांना बोलावलं. तिकडे त्या कायद्याला 'भाऊ-बहीण कायदा' असं टोपणनावच पडलं होतं. तेव्हा रांगच लहान होती.

आज नागरिकाचे आईवडील, जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांच्यासाठी जागांची मर्यादा नाही. भावंडं मात्र चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्गात. साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५ हजार जागा. भावाची बायको-मुलंही त्यातच मोजतात. वर एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. २०२५ च्या अखेरीस भारतीय भावंडांचे २००६ साली टाकलेले अर्ज निघत होते. मेक्सिकोवाले तर २००१ वरच अडकले होते. रांग कॅलेंडरच्या वेगाने सरकत नाही, म्हणून एकोणीस वर्षं हा आकडाही आशावादीच धरावा.

दादा चाळिशीचा, म्हणजे नंबर लागेल तेव्हा साठीला टेकलेला. लेक आज आठवीत. एकविशी ओलांडली की मुलं बापाच्या अर्जातून गळतात. २००२ च्या कायद्याने थोडी सवलत दिली आहे, पण अर्ज मंजूर व्हायला जेवढा काळ गेला तेवढाच वयातून वजा होतो. त्यानंतर रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. "पोरीच्या भविष्यासाठी" म्हणून हा अर्ज टाकायचा असेल, तर पोरीला त्याचा उपयोग होण्याची शक्यता कमीच.

आईसाठीही अर्ज करणार असशील, तर तिचं वेगळं. तिच्यासाठी रांग नाही, कागद आहेत, आणि वऱ्हाडात खरी परीक्षा तिथेच होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा; आईचा जन्म त्याआधीचा, दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातला. तहसीलच्या अभिलेखागारात कोतवाल बुकाची नक्कल मिळते का, ते आधी बघायचं. त्यात बरेचदा "अमक्यास मुलगी झाली" एवढंच असतं, नाव नसतं. नाहीच सापडलं तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळेचं दाखल-खारीज, आणि जन्माची माहिती असलेल्या थोरल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. अशी माणसं आता मोजकीच उरलीत, म्हणून हे काम दिवाळीवर ढकलू नये. आज नवी उशिराची नोंद करून घेणंही सोपं राहिलेलं नाही. २०२५ च्या सुरुवातीला अकोला-अमरावतीतल्या अशाच नोंदींवरून राज्यभर गदारोळ झाला आणि सरकारने नियम आवळले.

भावाच्या अर्जात दोघांची आई किंवा वडील तरी एकच, हे सिद्ध करावं लागतं. एकाच्या दाखल्यावर वानखडे, दुसऱ्याच्या वानखेडे. आईचं एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं. इथे कोणी हसून सोडून देईल. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातला व्हिसा अधिकारी सोडणार नाही. प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद आत्ताच करून ठेवावी.

पैशाचं म्हणशील तर नातेवाइकासाठीच्या या अर्जाची, म्हणजे आय-१३० ची फी एप्रिल २०२४ पासून कागदावर ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५. खरा भार पुढे आहे. व्हिसाच्या वेळी प्रायोजकाला, म्हणजे तुला, आर्थिक आधाराचं हमीपत्र द्यावं लागतं. आलेला माणूस नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खात्यावर साधारण दहा वर्षांचं काम जमेपर्यंत ती जबाबदारी सुटत नाही. साठीच्या भावाची जबाबदारी घेताना तू स्वतः पंचावन्नचा असशील, हे सूनबाईलाही माहीत असलेलं बरं. अर्ज करणाराच मध्ये वारला, तर अर्ज बहुधा तिथेच संपतो.

आणखी एक. असा अर्ज टाकला की दादाच्या टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये तो दाखवावाच लागतो. हा माणूस परतणार नाही, असा संशय मग अधिकाऱ्याला येऊ शकतो. तुझ्या घरच्या कार्याला त्याने यावं असं वाटत असेल, तर आधी त्याचा टुरिस्ट व्हिसा होऊ दे.

एवढं सगळं सांभाळलं तर अर्ज टाकण्यात तोटा नाही. तोटा आहे तो वाट बघत बसण्यात. अर्ज टाकला म्हणून घराचं बांधकाम थांबवणं, अकोटचं वावर विकायला काढणं, पोरीला "आपण जाणारच आहोत" सांगत राहणं, हा शुद्ध वेडेपणा. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नंबर येईल तेव्हा ती निवृत्त झालेली असेल, आणि साठीनंतर परक्या गावात नव्याने सुरुवात करायची की नाही, हे तिने ठरवायचं आहे. म्हणून पहिला फोन दादाला नको, वहिनीला कर.

तुझा
मामा, अमरावती