भाताच्या नव्या वाणाची परीक्षा

पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीला लागून खारजमिनी आहेत. रोहे तालुक्यात कुंडलिकेच्या काठाने वर कोलाडकडे गेले की गोड्या जमिनीतील खाचरे लागतात. दोन्हीकडे पीक भाताचेच. पण एकीकडे चांगला आलेला वाण दुसरीकडे तसाच येईल असे नाही. म्हणून संशोधन केंद्राने सुधारलेला वाण शेतकऱ्याच्या स्वतःच्या खाचरात पुन्हा पारखावा लागतो. ज्याच्याजवळ वीस गुंठेच जमीन आहे, त्याची निवड चुकली तर घरचे वर्षाचे तांदूळ पुरत नाहीत. ही पारख कशी करतात ते पाहू.

पावसाळ्यात पावसाचे पाणी खारजमिनीतील क्षार खाली धुऊन नेते. पाऊस सरून ऊन पडू लागले की जमिनीतील पाणी केशाकर्षणाने वर चढते. त्याची वाफ होते आणि क्षार पृष्ठभागापाशी उरतात. नेमका हाच दाणा भरण्याचा काळ! पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने 'पनवेल १', 'पनवेल २' आणि 'पनवेल ३' हे वाण अशाच जमिनींसाठी काढले.

आता समजा, गेल्या वर्षी जुन्या वाणाचे हेक्टरी ३० क्विंटल भात आले आणि यंदा नव्याचे ३५ क्विंटल. श्रेय वाणाचे का? तसे म्हणता येणार नाही. यंदा कदाचित पाऊसच बरा झाला असेल. म्हणून दोन्ही वाण एकाच वर्षी, एकाच खाचरात, शेजारी शेजारी लावावे लागतात. खत आणि लावणीचा दिवसही एकच हवा.

तरीही एक अडचण उरते. खाडीच्या बांधालगतची जमीन बहुधा अधिक खारट असते. जुना वाण बांधाकडे व नवा आतल्या बाजूला लावला, तर नवाच जिंकेल! यासाठी बांधापासून आतपर्यंत जाणारे लांब पट्टे पाडावेत, म्हणजे दोन्ही वाणांना खारट आणि गोडी जमीन सारखीच मिळते. कोणत्या पट्ट्यात कोणता वाण, हे नाणे उडवून ठरवावे. वाटणी अशी दैवावर सोडण्याचे महत्त्व इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले.

एका खाचरातील फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणून अनेक शेतकऱ्यांकडे प्रयोग करून फरकांची सरासरी काढतात. सरासरीतील अनिश्चितता खाचरांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते : ४ खाचरांत ती निम्मी, १६ खाचरांत पाव. मात्र खाऱ्या व गोड्या जमिनींच्या सरासऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. एकत्र केल्यास दोघांचेही खरे उत्तर हरवते.

उत्पन्न मोजतानाही दक्षता हवी. १ मीटर बाजूचा चौरस आखून कापणी केली आणि प्रत्येक बाजूला ५ सेंटिमीटर जास्त कापले गेले, तर क्षेत्रफळ १.१ × १.१ = १.२१ चौरस मीटर होते. म्हणजे २१ टक्के चूक! तीच चूक ५ मीटरच्या चौरसात झाली तर ५.१ × ५.१ = २६.०१, म्हणजे केवळ ४ टक्के. लहान चौरसांमुळे उत्पन्न फुगून दिसते, हे आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात भारतातील पीकपाहण्यांवरून सिद्ध केले. भात वाळवूनच तोलावे, हेही ओघाने आलेच. २० टक्के ओलावा असलेले २० किलो भात १४ टक्क्यांपर्यंत वाळले की सुमारे १८.६ किलो भरते.

आणि तराजूला न कळणाऱ्या गोष्टी शेतकऱ्याला विचाराव्यात : पीक वाऱ्याने लोळले का? गुरांना पेंढा पुरला का? भात चवीला कसा? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील गहू, इथिओपियातील गहू व निकाराग्वातील घेवडा यांची पारख शेतकऱ्यांनीच १२,४०९ प्रयोग-तुकड्यांवर केली होती. प्रत्येकाला नाव न सांगता तीन वाण दिले होते. त्यांतील सर्वांत चांगला व सर्वांत वाईट कोणता, एवढेच सांगायचे. नावच ठाऊक नसल्याने मत पूर्वग्रहाने झुकत नाही.

रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्यांच्या शेतावर नव्या वाणांच्या चाचण्या घेणे हे अशा केंद्रांचे एक कामच आहे. तुमच्या गावात अशी चाचणी असेल तर कापणीच्या दिवशी जरूर जा. दोर किती मीटरचा, कोपरे काटकोनात आहेत का आणि शेजारी जुना वाण लावला आहे का, हे तीन प्रश्न मात्र विसरू नका.