एका पावलाची बारा चित्रे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आई, धाकटी बहीण आणि मी मामाकडे टोकियोला गेलो होतो. निघण्याच्या आठवडाभर आधी परेडच्या तुकडीतून माझे नाव कमी झाले होते. पाऊल ठेक्यात पडे, पण हात मागे राहत. "हाथ कहाँ है, पैर कहाँ है?" असे उस्ताद रोज विचारत आणि मला उत्तर देता येत नसे. ते उत्तर मला एका संग्रहालयात सापडले, म्हणून हा लेख.

टोकियोच्या पश्चिमेला मिताका शहरात, इनोकाशिरा उद्यानाला लागून घिबली संग्रहालय आहे. 'माय नेबर टोटोरो' (१९८८) आणि 'स्पिरिटेड अवे' (२००१) या चित्रपटांचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या कल्पनेतून ते साकारले आणि १ ऑक्टोबर २००१ रोजी खुले झाले. तिकीट आधीच काढावे लागते. प्रवेश करताना हाती येतो तो ३५ मिलिमीटर फिल्मचा खराखुरा तुकडा. उजेडासमोर धरला की त्यात ओळीने तीन चौकटी दिसतात. "तीनदा एकच चित्र कशाला?" बहिणीने विचारले. निरखून पाहिले तेव्हा कळले, चित्रातल्या मुलीचा हात प्रत्येक चौकटीत केसभर वर गेला होता.

आत छायाचित्रे काढायला मनाई आहे. मोबाइल खिशात ठेवावा लागल्यामुळे माणूस डोळ्यांनी पाहतो, हा मोठाच फायदा! एका दालनात चित्रकाराची खोली मांडली आहे. टेबल, रंग, पेन्सिली, पुस्तके आणि भिंतभर टाचलेली रेखाटने. पण मी खिळून राहिलो तो अंधाऱ्या दालनातल्या फिरत्या चकतीपाशी. तिच्यावर टोटोरोच्या आणि इतर पात्रांच्या अनेक छोट्या मूर्ती बसवल्या आहेत. चकती फिरू लागते तेव्हा आधी सगळे धूसर होते. मग दिवे भराभर लुकलुकू लागतात आणि टोटोरो चक्क उड्या मारायला लागतो!

यामागचे तत्त्व सोपे आहे. शेजारशेजारच्या दोन मूर्तींच्या पवित्र्यात थोडासाच फरक असतो. एका मूर्तीच्या जागी पुढची मूर्ती आली की क्षणभर दिवा लागतो, मधल्या वेळात अंधार. सुट्या स्थिर प्रतिमा अशा वेगाने एकामागून एक दिसल्या की आपला मेंदू त्या जोडतो आणि आपल्याला हालचाल दिसते. इंग्लंडमध्ये विल्यम हॉर्नर यांनी १८३४ मध्ये फिरत्या नळकांड्यातून हीच गंमत दाखवली होती. आपल्या दादासाहेब फाळके यांनीही 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली होती. तो लघुपट पाहूनच त्यांच्या उद्योगावर पैसे लावायला माणूस तयार झाला.

घरी परतताना मामाने एक हिशेब घातला. "चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. तुमच्या परेडमध्ये मिनिटाला किती पावले?"

"१२०."

"म्हणजे सेकंदाला दोन. मग एका पावलाला किती चौकटी?"

बारा! माझी ट्यूब पेटली. ॲनिमेशन शिकणारेही चालण्याचा सराव बहुधा याच मापाने सुरू करतात. त्यांचे चार मुख्य टप्पे असे: टाच टेकते, शरीर किंचित खाली जाते, मागचा पाय पुढच्याला ओलांडतो, शरीर वर उचलले जाते. टाच टेकताना हात पुढे-मागे पूर्ण लांब गेलेले असतात आणि पाय ओलांडताना शरीराजवळून जातात. उस्ताद 'गिनती से' कवायत घेतात तेव्हा याहून वेगळे काय करतात?

बहिणीने माझ्या चालण्याची चित्रफीत काढली. ती थांबवत थांबवत मी एका पावलाची बारा चित्रे काढली. टाच पहिल्या चित्रात टेकली होती, हात मात्र तिसऱ्या चित्रात पुरा वर पोहोचत होता. चूक दोन चौकटींची होती. एका सेकंदाचा बारावा भाग! पुढे महिनाभर मी रोज आरशासमोर फक्त तेवढीच दुरुस्त केली.

१५ ऑगस्टच्या परेडला मी राखीव होतो. पण सरावानंतर उस्तादांनी माझी वही मागितली, अंगठ्याने पाने भराभर सोडली आणि म्हणाले, "फिर से दिखाओ." आता ती वही सहावीच्या नव्या कॅडेटना दाखवली जाते. त्यातली चूक खोडू नकोस, असे त्यांनीच सांगितले आहे.

करून पाहा: जुन्या वहीच्या कोपऱ्यात, शेवटच्या पानापासून सुरुवात करून, एका पावलाची बारा चित्रे काढा. मग पाने अंगठ्याने सोडा. आपला हात कुठे आहे, ते वही सांगेल.